डाळीचा डबा रिकामा असताना मधुमेह सांभाळायचा कसा: नव्या आशाताई आणि कार्यकर्त्यांसाठी

प्रशिक्षणात हातात पडलेला मधुमेहाचा आहारतक्ता तुम्ही पाहिला असेलच. सकाळी चार बदाम, अकरा वाजता एक फळ, दुपारच्या जेवणात सॅलड, चारला मोड आलेले मूग. तुम्ही ज्या घरांत जाणार आहात, त्यांतल्या बऱ्याच घरांत हा तक्ता घडी घालून रेशनकार्डाच्या पिशवीत जातो आणि तिथेच राहतो. महिन्याच्या पंचवीस तारखेला ज्या घरात तेलाची बाटली उपडी करून ठेवलेली असते, तिथे "फळ खा" म्हणणारा माणूस पुन्हा दारात आला तरी कोणी मनातलं बोलत नाही.

हा लेख नव्याने रुजू झालेल्या आशाताई, समुदाय आरोग्य अधिकारी आणि संस्थांच्या कार्यकर्त्यांसाठी आहे. ज्यांच्या घरात मधुमेहाचं माणूस आणि महिनाअखेरची ओढाताण दोन्ही आहेत, त्यांनाही तो उपयोगी पडेल. एक गोष्ट सुरुवातीलाच सांगून ठेवतो: डोस ठरवणं आणि बदलणं डॉक्टरांचं काम. पण डॉक्टरांना रिपोर्ट दिसतो, ताट दिसत नाही. ते ताट त्यांच्यापर्यंत पोचवणं हे तुमचं काम.

पोट रिकामं, तरी साखर जास्त?

नवख्या माणसाला हे कोडं पडतं. खायला कमी, मग साखर २८० कशी? आणि त्याच माणसाला पंधरा दिवसांनी पहाटे दरदरून घाम फुटून चक्कर कशी येते?

रेशनचा हिशोब मांडून पाहा. राष्ट्रीय अन्न सुरक्षा कायदा, २०१३ नुसार प्राधान्य कुटुंबाला माणशी महिन्याला ५ किलो धान्य मिळतं. म्हणजे दिवसाला साधारण १६६ ग्रॅम, जेमतेम पावणेसहाशे कॅलरी. तेही बहुतेक तांदूळ आणि गहू. डाळ, तेल, भाजी, दूध हे सगळं खिशातून. पैसे संपले की आधी भाजी जाते, मग डाळ, आणि ताटात उरतो नुसता भात किंवा चपाती-चटणी. भूक मारायला दिवसातून चार-पाच वेळा साखरेचा चहा आणि त्यात बुडवलेलं बटर किंवा बिस्किट. पोट भरत नाही, पण साखर भराभर चढते. त्यात औषध संपलेलं असलं, किंवा "जेवणच नाही तर गोळी कशाला" म्हणून सोडलेलं असलं, की आकडा आणखी वर. उपाशी शरीरात यकृतही आपल्याकडची साठवलेली साखर रक्तात सोडत असतं, त्यामुळे रात्री न जेवता झोपलेल्या माणसाची सकाळची साखर वाढलेली दिसू शकते.

दुसऱ्या टोकाला, गोळी किंवा इन्सुलिन नेहमीसारखं घेतलं आणि जेवण झालंच नाही, की साखर धाडकन उतरते. अमेरिकेत कॅलिफोर्नियातल्या रुग्णालयांच्या नोंदींवर आधारलेला एक अभ्यास २०१४ साली प्रसिद्ध झाला. गरीब लोकांमध्ये साखर उतरल्यामुळे दाखल होण्याचं प्रमाण महिन्याच्या पहिल्या आठवड्यापेक्षा शेवटच्या आठवड्यात २७ टक्क्यांनी जास्त होतं. सधन लोकांमध्ये असा चढउतार दिसला नाही. आपल्याकडे तारखा वेगळ्या असतील. कुठे महिनाअखेर, कुठे आठवडी बाजाराच्या आदले दोन दिवस, कुठे पावसाळ्यात रोजंदारी बंद असते ते आठवडे. तुमच्या गावातली ओढाताणीची तारीख कोणती, हे आधी शोधा.

आणि हा खात्यापित्या घरांचा आजार, हे डोक्यातून काढून टाका. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या (आयसीएमआर) देशव्यापी पाहणीच्या २०१७ मध्ये आलेल्या निष्कर्षांत महाराष्ट्रातल्या शहरी भागात मधुमेह कमी उत्पन्नाच्या लोकांत जास्त आढळला होता. याच पाहणीच्या २०२३ च्या अहवालात देशातल्या मधुमेहींची संख्या १०.१ कोटी आहे आणि प्रमाणात सगळ्यात वरचा नंबर गोव्याचा, २६.४ टक्के.

पायरी १: साखर तपासण्याआधी जेवण विचारा

"पोटभर जेवता ना?" हा प्रश्न विचारूच नका. त्याला उत्तर एकच, "हो, देवाच्या दयेनं". उपाशी आहोत हे पाहुण्यासमोर कोण कबूल करील?

त्यापेक्षा असं विचारा: "मावशी, काल सकाळी उठल्यापासून काय काय पोटात गेलं? चहासकट सांगा." मग गप्प बसा, घाई करू नका. पुढचा प्रश्न: "डाळ शेवटची कधी आणली?" आणि तिसरा: "गेल्या महिन्यात असं झालं का, की धान्य संपलं आणि आणायला पैसे नव्हते?" हा तिसरा प्रश्न परदेशातल्या दवाखान्यांतही जवळजवळ याच शब्दांत विचारतात. उत्तर "कधी कधी" आलं तरी ते "हो" समजा.

बायकांच्या बाबतीत एक खूणगाठ बांधून ठेवा. घरातली बाई सगळ्यांच्या शेवटी जेवते आणि कमी पडलं तर तिच्याच ताटात कमी पडतं. वर ती म्हणते, "आज माझा उपवास आहे." सोमवार, गुरुवार, चतुर्थी, एकादशी असे एका बाईचे महिन्याला आठ-दहा उपवास निघाले, तर त्यातले देवाचे किती आणि पिठाच्या डब्याचे किती, हे हळूच जाणून घ्या. तोंडावर मात्र म्हणू नका. "उपवासाच्या दिवशी गोळी कशी घेता?" एवढं विचारलंत तरी हवी ती माहिती मिळते.

पायरी २: गोळ्यांची पिशवी ओतून बघा

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या. पेशंटला गोळीचं नाव माहीत नसतं. "जेवणाआधीची बारकी" आणि "नंतरची मोठी" एवढंच माहीत असतं. पाकिटाच्या मागच्या बाजूला बारीक अक्षरात औषधाचं मूळ नाव असतं. ते वाचा.

नावाची सुरुवात "ग्लि" अशी असेल, म्हणजे ग्लिमेपिराइड, ग्लिक्लाझाइड, ग्लिपिझाइड, ग्लिबेनक्लामाइड, तर सावध. या गोळ्या स्वादुपिंडाला इन्सुलिन सोडायला लावतात, तुम्ही जेवलात की नाही याची त्यांना फिकीर नसते. रिकाम्या पोटी साखर उतरवणारी मंडळी हीच. त्यात ग्लिबेनक्लामाइड फार वेळ काम करत राहतं. म्हातारं माणूस असेल किंवा मूत्रपिंड कमजोर असेल, तर ते आणखी धोक्याचं. असं औषध आणि अनियमित जेवण एकाच घरात दिसलं, की ती बातमी त्याच आठवड्यात डॉक्टरांपर्यंत गेली पाहिजे.

मेटफॉर्मिन एकटं असेल तर साखर धोकादायक पातळीपर्यंत सहसा उतरत नाही. पण रिकाम्या पोटी घेतलं की मळमळ, जुलाब, पोटात गुबारा. लोक वैतागून ते सोडतात आणि सांगत नाहीत. चार घास खाल्ल्यावर घ्यायला सांगितलं तर बऱ्याचदा प्रश्न सुटतो. मात्र आपल्याकडे मेटफॉर्मिन आणि ग्लिमेपिराइड एकाच गोळीत सर्रास मिळतात, तेव्हा पाकिटावर दोन नावं आहेत का हे बघायला विसरू नका.

नावाच्या शेवटी "ग्लिप्टिन" असेल, जसं टेनेलिग्लिप्टिन किंवा सिटाग्लिप्टिन, तर एकट्याने साखर उतरवायचा धोका कमी. शेवटी "ग्लिफ्लोझिन" असेल, जसं डापाग्लिफ्लोझिन, तर प्रश्न वेगळा. दोन-तीन दिवस नीट खाणं नाही, उलट्या, पोटात दुखणं, जोरजोरात श्वास, असं दिसलं तर साखरेचा आकडा फारसा वाढलेला नसला तरी थांबू नका, दवाखान्यात न्या. रक्तात आम्ल साचलेलं असू शकतं.

आता डॉक्टरांकडून एकच वाक्य लिहून घ्यायचं आहे: "जेवण चुकलं तर कोणती गोळी घ्यायची नाही." "ग्लि"ने सुरू होणाऱ्या गोळ्यांबद्दल डॉक्टर सहसा सांगतात की जेवण नाही तर त्या वेळची गोळी नाही. पण ते त्यांच्या हातानं केसपेपरवर आलं पाहिजे. नाहीतर पेशंट एक गोळी सोडण्याऐवजी सगळ्याच सोडतो, अगदी रक्तदाबाचीसुद्धा. आणि महिनाभर सोडतो.

पायरी ३: इन्सुलिन असेल तर

सरकारी दवाखान्यांतून बहुतेक वेळा मिसळलेलं, ३०/७० इन्सुलिन मिळतं. त्यातला एक भाग लगेच काम करतो, दुसरा पुढचे बारा-चौदा तास. म्हणजे सकाळी टोचलं तर न्याहारीही हवी आणि दुपारचं जेवणही हवं.

ऊसतोडीच्या टोळीचा दिवस बघा. बीड, जालना, अहिल्यानगरकडून आलेली नवरा-बायकोची जोडी, म्हणजे एक कोयता, पहाटे तीन-चारला कोपीतून, म्हणजे पाचटाच्या झोपडीतून, उठते. बाई चूल पेटवते, भाकरी थापते, फडक्यात बांधते, अंधारातच इन्सुलिन टोचून घेते आणि फडाकडे निघते. भाकरी सोडायला दहा वाजतात, कारण गाडी भरल्याशिवाय बसता येत नाही आणि खाडा पडला तर दंड. मधल्या पाच तासांत वाकून ऊस तोडणं, मोळ्या बांधणं, डोक्यावरून वाहणं. कष्ट करणारे स्नायू रक्तातली साखर स्वतःच ओढून घेतात, आणि हा परिणाम रात्रीपर्यंत टिकतो. इन्सुलिन, उपाशी पोट आणि मेहनत तिन्ही एकाच दिशेनं ओढतात. इथे "वेळेवर जेवा" हा सल्ला फुकट आहे, मुकादम ऐकणार नाही. चालणारी गोष्ट म्हणजे अर्धी भाकरी घरातच, टोचण्याच्या वेळेला धरून. पहाटेच्या वेळेला डोस किती असावा हे डॉक्टरांनी ठरवायचं. तुम्ही त्यांना सांगायचं ते पहाटे चार, सकाळी दहा आणि मधली मोळी.

जेवण नक्की नसेल तर नियम साधा: भाकरी ताटात दिसल्याशिवाय जेवणाचं इन्सुलिन टोचायचं नाही. पण याला एक मोठा अपवाद. लहानपणापासून किंवा तरुणपणापासून इन्सुलिनवर असलेला टाईप १ चा पेशंट जेवण नसलं तरी इन्सुलिन पूर्ण बंद करू शकत नाही, एक-दोन दिवसांत जिवावर बेततं. अशा घरात धान्य संपणं ही तातडीची वैद्यकीय बाब समजा आणि त्याच दिवशी हालचाल करा.

सिरिंजही तपासा. बाटलीवर ४० लिहिलं असेल तर लाल टोपणाची सिरिंज, १०० असेल तर नारिंगी. अदलाबदल झाली तर डोस अडीच पटीनं चुकतो.

फ्रिज नसेल तर लहान मडकं मोठ्या मडक्यात, मध्ये ओली वाळू, वर ओलं फडकं, सावलीत. उघडलेली बाटली अशा थंडाव्यात साधारण चार आठवडे चालते. पत्र्याला लागून किंवा खिडकीत ठेवलेली नाही. बर्फात तर मुळीच नाही, गोठलेलं इन्सुलिन फेकावं लागतं.

पायरी ४: साखर उतरली तर

हात थरथरणं, घाम, छातीत धडधड, एकदम भूक, चिडचिड, असंबद्ध बोलणं. फडावर याला "ऊन लागलं" म्हणतात, देवळाच्या ओट्यावर "अंगात आलं" आणि संध्याकाळी "प्यायलाय". मशीन असेल तर तपासा, ७० च्या खाली म्हणजे उतरली. मशीन नसेल तर वाट बघू नका, साखर द्या. चढलेल्या साखरेत तीन चमचे भर पडल्यानं त्या क्षणी फारसं बिघडत नाही, उतरलेल्या साखरेत पंधरा मिनिटं वाया गेली तर बिघडतं.

तीन चमचे साखर अर्धा पेला पाण्यात. साखर नसेल तर तेवढाच गूळ. पंधरा मिनिटं थांबा, फरक नाही तर पुन्हा तेवढंच. बरं वाटलं की भाकरी, भात, काहीतरी पोटात गेलंच पाहिजे. "ग्लि"ची गोळी किंवा इन्सुलिन अजून अंगात असतं आणि साखर पुन्हा उतरते, म्हणून "आता बरं वाटतंय" यावर त्या दिवशी विश्वास ठेवायचा नाही. दवाखान्यात दाखवा.

शुद्ध हरपली असेल तर तोंडात काहीही घालू नका, पाणीसुद्धा नाही. कुशीवर वळवा, १०८ लावा.

ऊस हाताशी असतो, मग कांडं चावलं तर? शुद्धीत असलेल्या माणसाला चालेल, पण थरथरत्या हातानं ऊस सोलत बसण्यात वेळ जातो. त्यापेक्षा साखरेची पुडी. प्लॅस्टिकच्या तुकड्यात तीन चमचे साखर, वर गाठ, आणि ती पदराच्या टोकाला किंवा बंडीच्या खिशात. एक पुडी तुमच्या हातानं बांधून द्या आणि टोळीतल्या आणखी एकाला ती कुठे असते ते दाखवून ठेवा.

दारूबद्दल न बोलून चालणार नाही. उपाशी पोटी दारू घेतली की यकृताचं साखर सोडणं मंदावतं, आणि वर "ग्लि"ची गोळी असेल तर रात्री झोपेतच साखर उतरते. उपदेश करून कोणी सोडत नाही. "प्यायच्या आधी जेवून घे आणि बायकोला सांगून झोप" एवढं तरी ऐकलं जातं.

पायरी ५: जे धान्य आहे त्यातच बसवा

ताट बदलायला सांगू नका, ताटातला क्रम आणि जोड बदला. नुसत्या भातापेक्षा डाळ घातलेली खिचडी बरी, आणि पातळ आमटी आधी, भात नंतर. डाळ परवडत नसेल तर हुलगे, मटकी, हरभरा यांत जे तुमच्याकडे स्वस्त असेल ते बघा. थोड्या बेसनात अख्ख्या घराचं पिठलं होतं. कोकणात आणि गोव्यात पेज असतेच, तिच्याबरोबर कुळथाची पिठी. पालेभाजी विकतच घ्यायला हवी असं नाही: शेवग्याचा पाला, घोळ, तांदुळजा, कुरडू बांधावर मिळतात, आणि कुठे मिळतात ते तुमच्यापेक्षा त्या मावशींनाच जास्त माहीत असतं. त्यांना सांगू द्या.

चहा बंद करा म्हणू नका. भुकेल्या माणसाचा तोच आधार असतो. पाच कपांचे तीन, आणि साखर निम्मी, इथपर्यंत बोलणी होऊ शकतात.

महत्त्वाचं असं: धान्य आलं की पहिल्या आठवड्यात दाबून जेवण आणि शेवटी फाके, हा चढउतारच साखर बिघडवतो. शेवटच्या आठवड्यासाठी तीन-चार किलो आधीच वेगळ्या डब्यात काढून ठेवता आलं, तर गोळीचा डोसही स्थिर ठेवता येतो.

पायरी ६: हक्काचं धान्य मिळतंय का

कार्ड कोणतं आहे ते बघा. अंत्योदय असेल तर कुटुंबाला ३५ किलो, प्राधान्य असेल तर माणशी ५ किलो, दोन्ही सध्या मोफत. घरातल्या किती जणांची नावं कार्डावर आहेत? नवी सून, नातवंडं बऱ्याचदा नसतात. ई-केवायसी राहिली म्हणून किंवा म्हातारीचा अंगठा मशीनवर उमटत नाही म्हणून धान्य अडलं असेल तर तहसीलच्या पुरवठा शाखेत स्वतः बरोबर जा. स्थलांतरित कुटुंबाला कार्ड गावाकडचं असलं तरी कारखान्याजवळच्या दुकानात धान्य उचलता येतं; दुकानदार नाही म्हणाला तर १९६७ किंवा १४४४५ हा क्रमांक. दहा रुपयांचं शिवभोजन केंद्र जवळ चालू असेल तर त्या थाळीत दोन चपात्या, भाजी, वरण, भात असतो. एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्या माणसाची दुपार त्यात निघते.

औषधांचं म्हणाल तर राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत १५ ऑगस्ट २०२३ पासून उपचार मोफत आहेत. गोळ्यांवर जाणारे पैसे वाचले तर ते डाळीकडे वळतात.

पायरी ७: आकड्यांवर आंधळा विश्वास नको

तीन महिन्यांची सरासरी सांगणारी एचबीएवनसी चाचणी चांगली, पण ती सरासरीच. महिन्याचे वीस दिवस २५० आणि दहा दिवस ६० असलेल्या माणसाची सरासरी १८७ च्या आसपास येते, साखर उतरल्याचे ते दहा दिवस त्यात दिसतच नाहीत. शिवाय लोहाच्या कमतरतेचा पंडुरोग असेल तर हा आकडा खोटा वाढू शकतो, आणि गडचिरोली, नंदुरबारसारख्या, सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार असलेल्या भागांत तर त्यावर विसंबून राहता येत नाही. साखर तपासायच्या पट्ट्या मोजक्याच असतील तर एक धान्य आल्यावरच्या आठवड्यात वापरा आणि एक ओढाताणीच्या आठवड्यात, दोन्ही सकाळी उपाशीपोटी. दोन आकडे शेजारी शेजारी लिहा.

पेशंट काटकुळा असेल तर "याला कसा मधुमेह?" म्हणून सोडू नका. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी आसपासच्या खेड्यांत केलेल्या कामातून दिसलं की इथली बाळं जन्मतः वजनानं कमी असली तरी त्यांच्या अंगात चरबीचं प्रमाण जास्त असतं आणि पुढे मधुमेहाचा धोका राहतो. लहानपणापासूनच्या कुपोषणातून होणाऱ्या मधुमेहाला आंतरराष्ट्रीय मधुमेह महासंघानं २०२५ मध्ये टाईप ५ असं नाव दिलं. कोणता प्रकार हे तुम्ही ठरवायचं नाही, पण "वजन ३८ किलो, लहानपणी खाण्याचे हाल" हे चिठ्ठीवर लिहायचं.

पायरी ८: डॉक्टरांना चिठ्ठी

ओपीडीत पेशंटला मिळतात दोन-तीन मिनिटं. त्यात तो फक्त "पाय दुखतात" एवढंच बोलतो. म्हणून चार ओळी लिहून द्या, केसपेपरला टाचून. अशी:

"वय ५६, स्त्री. ग्लिमेपिराइड-मेटफॉर्मिन एकत्र गोळी सकाळी सातला, चहाबरोबर. पहिलं जेवण साडेदहाला. महिन्याच्या २२ तारखेनंतर रात्रीचं जेवण आठवड्यातून तीन वेळा नाही. गेल्या महिन्यात पहाटे दोनदा घाम आणि थरथर, गूळ खाल्ल्यावर बरं. उपाशीपोटी साखर ५ तारखेला १९२, २७ तारखेला ६८. कृपया गोळीची वेळ व डोस पाहावा आणि जेवण नसेल त्या दिवशी काय करायचं ते लिहून द्यावं."